एजंट क्षमस्व : नवी मुंबईतील घरविक्री आणि दलाली

नवी मुंबईत घराची पहिली विक्री बहुतांशी दलालाविना झाली. दलाल आला तो त्याच घराच्या दुसऱ्या विक्रीच्या वेळी. याचे कारण शहराच्या घडणीत आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाकडे ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राची आखणी सोपवण्यात आली. शेतजमीन आणि मिठागरे सरकारने संपादित करायची, सिडकोने भूखंड पाडायचे, घरे बांधायची आणि स्वतःच विकायची, असा हा व्यवहार होता. जमीनमालक, विकासक आणि विक्रेता एकच असल्यामुळे मधल्या माणसाला तिथे जागा नव्हती. अर्ज विकत घ्यायचा, अनामत रक्कम भरायची, सोडत लागली की वाटपपत्र घ्यायचे आणि हप्ते फेडायचे, एवढाच मार्ग होता.

खाडीच्या अलीकडे, मुंबईत, चित्र अगदी वेगळे होते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर तिथे भाड्याच्या खोल्या पागडीवर हातोहात फिरत होत्या. कोणत्या चाळीत कोण खोली सोडतो आहे आणि त्याचा घरमालक पागडीतला किती वाटा मागेल, याची खबर ठेवणारा दलाल गिरगाव-परळच्या माणसाला ओळखीचा होता. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल सुरू झाला आणि वाशीत पहिल्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा सिडकोच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांत असे चाळकरी पुष्कळ होते. रेल्वे नसलेल्या, संध्याकाळनंतर सामसूम होणाऱ्या वाशीत सुरुवातीला घराला गिऱ्हाईक मिळणेच कठीण होते. जिथे घराला मागणी नाही तिथे दलालही फिरकत नाही, आणि ती पहिली काही वर्षे म्हणूनच दलालीच्या इतिहासात जवळपास कोरी आहेत.

पुनर्विक्री सुरू झाली तशी दोन गोष्टी समोर आल्या. पहिली म्हणजे घरमालक जमिनीचा मालक नव्हता. ‘न्यू बॉम्बे डिस्पोजल ऑफ लँड्स रेग्युलेशन्स, १९७५’ या नियमांनुसार सिडको जमीन विकत नसे, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देत असे. त्यामुळे घर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर सिडकोची परवानगी आणि क्षेत्रफळाप्रमाणे ठरणारे हस्तांतरण शुल्क, ज्याला सगळे नुसते ‘ट्रान्सफर’ म्हणतात, हे दोन्ही आले. दुसरी गोष्ट म्हणजे वाटपाच्या वेळी घातलेल्या अटी. उत्पन्नगट, राखीव प्रवर्ग आणि ठरावीक वर्षे घर न विकण्याचे बंधन यांमुळे अनेक घरे कागदोपत्री विकताच येत नव्हती. पैशाची गरज मात्र अटीची मुदत संपेपर्यंत थांबत नाही. बदली झाली, मुलीचे लग्न निघाले, गावी घर बांधायचे ठरले की घर विकले जाई, फक्त कागद वेगळे होत.

ते कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्राचा संच. विकणारा घेणाऱ्याच्या, किंवा त्याने सुचवलेल्या माणसाच्या, नावाने कुलमुखत्यारपत्र करून देई. सोबत मुद्रांकावर करारनामा, पैसे मिळाल्याची आणि ताबा दिल्याची पावती, कधी एक मृत्युपत्रही. मूळ वाटपपत्र आणि हप्त्यांच्या पावत्यांची फाइल घेणाऱ्याच्या हाती जाई. सिडकोच्या दप्तरी नाव मूळ वाटपधारकाचेच राही. हप्तेही त्याच्याच नावाने भरले जात. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून ऐरोली, कोपरखैरणे यांसारख्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरांत, छोटे भूखंड देण्यात आले. माथाडी कामगारांसाठीही घरे बांधली गेली. मर्यादित उत्पन्नाच्या माणसाला परवडणाऱ्या या घरांत कुलमुखत्यारपत्राच्या व्यवहारांचे प्रमाण मोठे राहिले.

दलालाचे खरे बस्तान इथे बसले. त्याला गिऱ्हाईक शोधण्याचे पैसे मिळत, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. कागदांचा मसुदा कोणाकडून करून घ्यायचा, सिडकोच्या कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज द्यायचा, हप्ता थकला असेल तर विलंब आकार किती बसेल, हे त्याला पाठ असे. त्याहून मोलाची माहिती म्हणजे मूळ वाटपधारक आता कुठे राहतो. एकच घर तीन-चार हातांतून गेलेले असे आणि शेवटच्या खरेदीदाराला नाव लावायचे असेल तेव्हा पहिल्या माणसाची सही लागे. तो साताऱ्याला परतलेला असे, कधी वारलेला असे. मुखत्यारपत्र देणारा मेला की मुखत्यारी सर्वसाधारणपणे संपते हा १८७२च्या करार कायद्याचा नियम, मग वारसांची शोधाशोध आणि सहीसाठी नव्याने घासाघीस. अशा प्रसंगी जुना दलाल दुसऱ्यांदा कमावत असे. मालकाने सुरुवातीला वाचवलेले ट्रान्सफर शुल्क पुढच्या खरेदीदाराच्या खिशातून अनेक पटींनी गेले. त्या काळातल्या स्वस्त व्यवहारांचे कौतुक करताना हा खर्च सहसा धरला जात नाही.

११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात स्पष्ट केले की करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही; त्यासाठी नोंदणीकृत दस्तच हवा. निकाल उत्तरेकडच्या प्रकरणातला असला तरी नवी मुंबईतल्या हजारो फाइलींना तो तंतोतंत लागू होता. बँकांनी अशा घरांवर कर्ज देताना हात आखडता घेतला, आणि कर्जाशिवाय घर घेणारे कमी असल्यामुळे कागद नियमित करण्याची घाई विकणाऱ्यालाच झाली.

दलालीचा दुसरा, आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा, प्रवाह साडेबारा टक्के योजनेतून आला. संपादित जमिनीच्या मोबदल्यावरून प्रकल्पग्रस्तांचा असंतोष धुमसत होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले, १९९० मध्ये त्याचा शासननिर्णय निघाला आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. सामाजिक सुविधांसाठी कपात होऊन प्रत्यक्ष हाती पावणेनऊ टक्के येतात, हे दलालीच्या हिशेबात पक्के बसलेले गणित आहे.

या भूखंडांची विक्री त्रिपक्षीय कराराने होते. सिडको, मूळ प्रकल्पग्रस्त आणि नवा घेणारा असे तीन पक्ष, आणि सिडकोला शुल्क. पण बाजार कराराची वाट पाहत बसला नाही. पात्रता ठरण्याआधीच, केवळ सातबाऱ्यावरच्या नावावर ‘फाइल’ विकली जाऊ लागली. इरादापत्र आले की भाव एक, सोडतीत भूखंडाची जागा ठरली की दुसरा, करार झाला की तिसरा. आगरी-कोळी गावांतले अनेक तरुण या व्यवसायात उतरले, कारण कोणाच्या आजोबांची किती जमीन गेली आणि भावकीत किती हिस्से आहेत, हे बाहेरच्या एजंटला कळण्याजोगे नव्हते. शहरी दलालाची माहिती इमारतीची असते. यांची माहिती वंशावळीची होती. पुढे विमानतळासाठी गेलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबावीस टक्के भूखंडांची योजना आली, तेव्हा पुष्पकनगरच्या परिसरात हीच पद्धत नव्या भावाने चालली.

भूखंडाचा मालक आणि बिल्डर यांच्यातल्या करारातून बांधलेल्या इमारतीतले ठरावीक फ्लॅट मालकाला मिळत. हे फ्लॅट विकताना गावातली मंडळी दलाल टाळत, नातेवाइकांत आणि शेजारच्या गावांत शब्द टाकत. गावठाणातल्या आणि गावठाणाभोवतीच्या विनापरवाना इमारतींत तर नोटरीच्या कागदावर घरे विकली गेली. ट्रान्सफर नाही, मुद्रांक शुल्क जेमतेम, कमिशन तोंडी ठरलेले. दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये त्यांतल्या काहींवर हातोडा पडला, तेव्हा अशा कागदावर घर घेतलेल्या कुटुंबांच्या हातात विक्रेत्याची सही आणि रस्त्यावर आलेला संसार एवढेच उरले होते.

१९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. नेरूळ, बेलापूर, सानपाडा, पुढे खारघर इथे खासगी बिल्डरांच्या इमारती उठल्या. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गाळ्यांत, झेरॉक्सच्या दुकानात, स्टेशनरीवाल्याच्या काउंटरवर ‘रूम सेल, रेंट’च्या पाट्या लागल्या. दलालीचा दर याच काळात रूढ झाला: विक्रीत दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के, भाड्यात साधारण एका महिन्याचे भाडे. हा दर कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही. उलट, याच शहरातल्या तुर्भे-वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत, जिथे १९८०च्या दशकापासून मस्जिद बंदर आणि भायखळ्याचा घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने आला, आडत्याला परवाना घ्यावा लागतो आणि आडत किती व कोणाकडून घ्यायची हे सरकार ठरवते. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असा बदल झाला, तेव्हा राज्यभर वाद पेटला. कांद्याच्या गोणीवरच्या दलालीला इतके नियम आणि ऐंशी लाखांच्या जुन्या घरावरच्या दलालीला एकही नाही, ही विसंगती फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही.

दरावर बंधन नसल्याने घासाघीस हाच नियम ठरला. दोन टक्के सांगायचे, एकावर तुटायचे, हे दोघांनाही माहीत असते. काही मालक टक्केवारीत न अडकता ‘आमच्या हातात एवढे आले पाहिजेत’ असे सांगून मोकळे होत आणि वरची रक्कम दलालाची. ही पद्धत मालकाला सोयीची वाटते, पण तिच्यात घराचा खरा भाव मालकाला शेवटपर्यंत कळत नाही. अमेरिकेत एका घराची विक्री लेखी कराराने एकाच एजंटकडे सोपवली जाते आणि पाच-सहा टक्क्यांचे कमिशन दोन्ही बाजूंचे एजंट वाटून घेत. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला न्यायालयीन दाव्यांनंतर ऑगस्ट २०२४ पासून हे नियम बदलावे लागले. नवी मुंबईत असा एकाधिकार कधी रुजलाच नाही. एकच फ्लॅट पाच जणांकडे असतो, किल्ली वॉचमनकडे असते आणि जो आधी गिऱ्हाईक आणेल त्याचे कमिशन. त्यामुळे टक्का खाली राहिला, मात्र दलालालाही मेहनतीची हमी उरली नाही. घर दाखवताना सोसायटीचे नाव न सांगणे, भेटीच्या वहीत गिऱ्हाइकाची सही घेणे, मालक आणि खरेदीदार यांना एकमेकांचा फोन नंबर मिळू न देणे, हे सगळे त्या असुरक्षिततेतून आले. ओळख दलालाने करून दिली आणि सौदा मागच्या दाराने झाला, हा या धंद्यातला सर्वांत जुना तंटा आहे.

दलाली टाळण्याची धडपड तितकीच जुनी. मराठी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘वन बीएचके, स्टेशनजवळ, विकणे आहे’ याच्या शेवटी ‘एजंट क्षमस्व’ हे दोन शब्द पैसे मोजून छापले जात, आणि त्या दिवशी येणाऱ्या फोनपैकी बरेचसे एजंटांचेच असत. सोसायटीचा सूचनाफलक, किराणा दुकानदार, ऑफिसातले सहकारी हे त्याहून परिणामकारक मार्ग होते. सिडकोच्या वसाहतींत घरांचे प्रकार ठरावीक असल्याने याचा विशेष फायदा झाला. वाशीतल्या ‘जेएन-वन’ किंवा ‘जेएन-टू’ प्रकारचे घर म्हटले की खोल्या किती आणि कशा, हे शेजारच्या सेक्टरमधल्या माणसाला पाहण्याआधीच ठाऊक असे. शेजारच्या घराची भिंत फोडून मोठे घर करू पाहणारा शेजारी हे तर दलालाविना मिळणारे उत्तम गिऱ्हाईक.

रकमेचा हिशेब मांडला तर धडपडीचे कारण कळते. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे विकणाऱ्याचे १,६०,००० रुपये. एजंट वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल तर १८ टक्के म्हणजे आणखी २८,८००. खरेदीदाराकडूनही तेवढेच. दिलेली दलाली भांडवली नफ्याच्या हिशेबात विक्रीखर्च म्हणून वजा करता येते, पण त्यासाठी पावती लागते आणि रोखीत घेतलेल्या दलालीची पावती सहसा मिळत नाही. म्हणूनच पूर्ण दलाली आणि शून्य दलाली यांच्यामध्ये एक मधला मार्ग रूढ झाला. गिऱ्हाईक मालकाने स्वतः शोधायचे आणि कागदांपुरता एजंट किंवा वकील ठरावीक रकमेवर घ्यायचा. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपासचे दस्तलेखक आणि वकील मसुदा, मुद्रांक शुल्काचा भरणा, नोंदणीची वेळ आणि साक्षीदार या सगळ्याची एकच रक्कम सांगतात. तिचा घराच्या किमतीशी संबंध नसतो, आणि टक्केवारीपेक्षा ती बरीच कमी पडते.

मधल्या काळात दलालाच्या हातातली माहितीही एकेक करून सार्वजनिक झाली. सहकारी गृहनिर्माण संस्था हस्तांतरणाच्या वेळी मनमानी रक्कम उकळत. ९ ऑगस्ट २००१च्या शासकीय परिपत्रकाने महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरवली, त्यामुळे ‘सोसायटीशी मी बोलतो’ या वाक्याचे वजन घटले. १ जून २०१३ पासून पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या खरेदीत एक टक्का प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली. ते काम पॅन क्रमांकाच्या आधारे घरबसल्या होऊ लागले. वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूची क्रमांक दोन, ज्याला व्यवहारात इंडेक्स टू म्हणतात, तो ऑनलाइन शोधता येऊ लागला. शेजारच्या इमारतीतला फ्लॅट गेल्या वर्षी किती रुपयांना नोंदला गेला हे मालकाला स्वतः पाहता येते, आणि ‘या भागात एवढाच भाव आहे’ हे दलालाचे सांगणे तपासता येते. नोंदलेली रक्कम आणि खरी रक्कम यांतले रोखीचे अंतर मात्र इंडेक्स टूमध्ये दिसत नाही.

२००५-०६ पासून मालमत्तांच्या जाहिरातींची संकेतस्थळे आली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नोब्रोकर या बंगळूरुच्या कंपनीने तर दलाल नको हेच आपले नाव केले आणि मालक-खरेदीदार यांची थेट गाठ घालण्याचे ठरावीक शुल्क घेतले. खुल्या संकेतस्थळांवर ‘मालक’ म्हणून जाहिरात देणारे अनेक जण एजंट निघतात, आणि जाहिरात दिलेल्या मालकाला पहिले फोन एजंटांचेच येतात. वृत्तपत्रांच्या काळाशी हे साम्य गमतीचे आहे. १ सप्टेंबर २०२० पासून राज्याने मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी दोन आणि मग तीन टक्क्यांवर आणले. मार्च २०२१ पर्यंतच्या त्या मुदतीत दस्त नोंदवण्याची झुंबड उडाली आणि खरेदीदारांना घाई असल्याने थेट सौदे लवकर जुळले.

स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाचे काम सुरू झाले आणि एजंटांना प्रथमच नोंदणी सक्तीची झाली. व्यक्तीसाठी नोंदणीशुल्क १०,००० रुपये, मुदत पाच वर्षे. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली. तथापि कायद्याच्या नवव्या कलमातली सक्ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहे. वाशीतले चाळीस वर्षांचे घर किंवा कोपरखैरण्यातले रो-हाऊस विकून देणाऱ्या माणसाला ती लागू होत नाही. दलालीचा दर या कायद्यानेही ठरवला नाही. नव्या प्रकल्पात तर खरेदीदाराला बहुधा काहीच द्यावे लागत नाही, कारण तिथे एजंटचे कमिशन बिल्डर देतो आणि ते किमतीत मिसळलेले असते.

पुनर्विक्रीत आजही वेळखाऊ टप्पा सिडकोचाच आहे. भाडेपट्ट्याच्या जमिनी मालकी हक्काने द्याव्यात ही मागणी जुनी आहे आणि २०१८ पासून त्या दिशेने सरकारी घोषणाही झाल्या. जिथे सिडकोची नोंद, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि नोंदणीकृत दस्तांची साखळी एकाच नावावर येऊन थांबते, तिथे मालक दलालाविना घर विकतो. जिथे मधले एखादे नाव कुलमुखत्यारपत्रावरच राहिले आहे, तिथे तो पूर्ण दोन टक्के मोजतो. परदेशस्थ मालकांचा प्रश्न निराळा. नेरूळच्या सीवूड्स इस्टेटसारख्या, सिडकोने खास अनिवासी भारतीयांसाठी उभारलेल्या संकुलातले घर दुबईत बसून विकायचे तर प्राप्तिकराची कपात वेगळ्या कलमाखाली आणि बऱ्याच जास्त दराने होते, ती कमी व्हावी म्हणून आयकर विभागाकडून दाखला आणावा लागतो, आणि सहीसाठी इथे कोणीतरी मुखत्यार नेमावा लागतो. तो मुखत्यार भाऊ किंवा पुतण्या असला तर दलाली वाचते. नसला तर ते काम सहसा स्टेशनजवळच्या गाळ्यातल्या एजंटकडेच जाते.